विश्लेषण : अमेरिकेची राज्यघटना कशी घडली, हे ५३ वर्षे गुपित का राहिले? जेम्स मॅडिसन यांच्या कागदपत्रांची गोष्ट

अमेरिकेची राज्यघटना १७८७ मध्ये फिलाडेल्फियात बंद दाराआड लिहिली गेली. आत कोण काय बोलले, कोणी कशाला विरोध केला, गुलामगिरीवर कोणता सौदा झाला, हे आज कळते ते मुख्यतः एका माणसाच्या टिपणांमुळे. तो माणूस म्हणजे जेम्स मॅडिसन, पुढे अमेरिकेचे चौथे अध्यक्ष झालेले. ही टिपणे त्यांनी हयातभर छापू दिली नाहीत. ती प्रसिद्ध झाली १८४० मध्ये, आणि तीही त्यांच्या पत्नीने वैधव्यात पैशांसाठी सरकारला विकल्यानंतर. अलीकडच्या संशोधनाने त्याहून अडचणीचा प्रश्न विचारला आहे. ही टिपणे खरोखर त्या त्या दिवशी लिहिलेली आहेत का?

कोण होते जेम्स मॅडिसन?

जन्म १६ मार्च १७५१ चा, व्हर्जिनियातला. बारा भावंडांत सर्वांत थोरले. वडील तंबाखूचे मोठे जमीनदार होते आणि माँटपेलियर नावाच्या त्यांच्या इस्टेटीवरची सगळी शेती गुलामांच्या श्रमावर चाले. मॅडिसन यांची उंची पाच फूट चार इंच, प्रकृती नाजूक आणि आवाज बारीक. सभेत ते बोलायला उभे राहिले की मागच्या रांगेतल्यांना ऐकू जात नसे. आज प्रिन्स्टन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महाविद्यालयातून त्यांनी अभ्यासक्रम दोन वर्षांत उरकून १७७१ मध्ये पदवी घेतली आणि त्यानंतरही काही महिने तिथेच राहून हिब्रू शिकले.

क्रांतीच्या धामधुमीत, १७७६ मध्ये, ते व्हर्जिनियाच्या प्रांतिक सभेत निवडून गेले. तिथे हक्कांच्या जाहीरनाम्यात धर्माबाबत ‘सहिष्णुता’ हा शब्द होता. सहिष्णुता म्हणजे कोणीतरी वरचा मेहेरबानीने देणार, म्हणून त्याऐवजी धर्मपालनाचा सर्वांना समान हक्क अशी रचना व्हावी, असा या पंचविशीतल्या तरुणाने आग्रह धरला आणि तो मान्य झाला. पुढच्याच वर्षी मात्र ते निवडणूक हरले. मतदानाच्या दिवशी मतदारांना दारू पाजण्याचा तिथला रिवाज त्यांनी पाळला नव्हता. (हा तपशील आपल्याकडच्या वाचकांना वेगळा समजावून सांगायची गरज नाही.)

१७८० पासून ते राष्ट्रीय काँग्रेसमध्ये होते. ब्रिटिशांपासून सुटका झाली, तरी तेरा राज्यांचे हे कडबोळे नीट चालत नव्हते. केंद्राला कर लावण्याचा अधिकार नव्हता, युद्धाचे कर्ज फिटत नव्हते आणि मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांनी उठाव केला होता. नवी व्यवस्था हवी, हे मॅडिसन यांना पटले होते. त्यांचे मित्र थॉमस जेफरसन तेव्हा पॅरिसमध्ये अमेरिकेचे राजदूत होते. त्यांनी तिथून पेट्या भरभरून पुस्तके धाडली. ग्रीक नगरराज्यांचे संघ, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स अशा जुन्या-नव्या संघराज्यांचा मॅडिसन यांनी पद्धतशीर अभ्यास केला. ती का मोडली, याची टिपणे काढली.

हे करताना त्यांना एक गोष्ट खटकली. ती संघराज्ये कोणत्या नियमांवर चालली, हे पुस्तकांत सापडत होते. ती स्थापन करणाऱ्यांनी बसून काय चर्चा केली, त्यांच्या मनात काय होते, हे कुठेच नोंदलेले नव्हते. आपल्या देशाच्या बाबतीत असे होऊ द्यायचे नाही, असे त्यांनी ठरवले.

बंद दाराआड काय चालले होते?

घटना परिषद २५ मे ते १७ सप्टेंबर १७८७ या काळात भरली. तेरापैकी बारा राज्ये आली. ऱ्होड आयलंडने बहिष्कार टाकला. एकूण ५५ प्रतिनिधी हजर राहिले आणि शेवटी ३९ जणांनी सह्या केल्या. जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्षस्थानी होते. सर्वांत ज्येष्ठ बेंजामिन फ्रँकलिन, वय ८१. मॅडिसन होते ३६ वर्षांचे.

सुरुवातीलाच गुप्ततेचा नियम झाला. सभागृहातले बोलणे बाहेर न्यायचे नाही, छापायचे तर नाहीच. आज एखाद्या बंद बैठकीतून तासाभरात चार ‘सूत्रे’ फुटतात. इथे जवळपास चार महिने काही फुटले नाही.

परिषदेला अधिकृत सचिव होता, विल्यम जॅक्सन. त्याने ठराव आणि मतांचे आकडे तेवढे नोंदवले आणि शेवटी बरेच सुटे कागद जाळून टाकले. मॅडिसन यांनी पहिल्या दिवसापासून अध्यक्षांच्या समोरची, दोन्ही बाजूंचे सदस्य दिसतील अशी जागा धरली होती. पिसाच्या लेखणीने, स्वतःच्या संक्षिप्त खुणांनी ते भाषणांचा सारांश उतरवत आणि मुक्कामी परतल्यावर त्यावरून सविस्तर नोंद करत. त्यांनी एकही दिवस चुकवला नाही.

अडचण अशी की ते नुसते लेखनिक नव्हते. ज्या ‘व्हर्जिनिया योजने’वरून चर्चेला तोंड फुटले, तिच्यामागे मुख्य डोके त्यांचेच होते. ते शंभराहून अधिक वेळा बोलले. म्हणजे आमच्या डेस्कच्या भाषेत, सामना खेळणाराच सामन्याचे वार्तांकन करत होता. स्वतः बोलताना माणूस स्वतःचे टिपण कसे घेणार? स्वतःची भाषणे त्यांनी नंतर आठवून किंवा कच्च्या मुद्द्यांवरून लिहिली, हे उघड आहे.

मॅडिसन यांना नंतर ‘घटनेचे जनक’ म्हटले गेले, ते त्यांना स्वतःला रुचत नसे. त्यांच्याच टिपणांत ते दोन मोठ्या मुद्द्यांवर हरलेले दिसतात. दोन्ही सभागृहांत लोकसंख्येच्या प्रमाणात जागा हव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. १६ जुलैच्या तडजोडीत सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला समान मते मिळाली. राज्यांचा कोणताही कायदा रद्द करण्याचा अधिकार केंद्राला असावा, ही त्यांची सूचनाही फेटाळली गेली. परिषद संपत आली असताना त्यांनी जेफरसन यांना लिहिलेल्या पत्राचा सूर निराश आहे. त्या पत्राचा काही भाग सांकेतिक अंकांत होता, कारण टपाल वाटेत उघडले जाण्याची भीती असे.

गुलामगिरीवर कोणता सौदा झाला?

या टिपणांतला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच आहे. दक्षिणेकडच्या राज्यांना प्रतिनिधिगृहातल्या जागांसाठी गुलामांची गणती हवी होती, मताचा हक्क मात्र त्यांना द्यायचा नव्हता. तोडगा निघाला तो पाचातल्या तीनचा. पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, असे धरून जागा ठरवायच्या. आफ्रिकेतून गुलाम आणण्याच्या व्यापारावर १८०८ पर्यंत बंदी घालायची नाही आणि पळालेला गुलाम दुसऱ्या राज्यात सापडला तर मालकाला परत द्यायचा, असेही ठरले. मूळ राज्यघटनेत ‘गुलाम’ हा शब्द एकदाही येत नाही, सगळीकडे आडवळणाने ‘व्यक्ती’ म्हटले आहे. सभागृहात मात्र प्रतिनिधी मोकळेपणाने गुलामांबद्दलच बोलत होते आणि ते मॅडिसन यांनी नोंदवले.

२५ ऑगस्टच्या नोंदीत स्वतः मॅडिसन यांच्या तोंडी एक विधान आहे. माणसे ही मालमत्ता असू शकतात, ही कल्पना राज्यघटनेत शिरू देणे चूक ठरेल, अशा आशयाचे. हे बोलणाऱ्याच्या घरी तेव्हा अनेक माणसे मालमत्ता म्हणूनच होती. या नोंदीकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

फेडरलिस्ट निबंध कोणी लिहिले, हे गणिताने कसे शोधले?

घटना मंजूर होण्यासाठी नऊ राज्यांची संमती लागणार होती. त्यासाठी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांतून ‘पब्लियस’ या टोपणनावाने ८५ निबंध आले. लिहिणारे तिघे होते : अलेक्झांडर हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे. कोणता निबंध कोणाचा, हे तेव्हा उघड केलेले नव्हते. हॅमिल्टन १८०४ मध्ये द्वंद्वयुद्धात मारले गेले आणि त्यांची एक यादी मागे राहिली. मॅडिसन यांची वेगळी यादी १८१८ च्या आवृत्तीत आली. दोन्ही याद्यांत बारा निबंधांवरून वाद उरला आणि तो दीडशे वर्षे चालला.

१९६४ मध्ये फ्रेडरिक मॉस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी त्यावर पुस्तक लिहिले. विचारांवरून लेखक ओळखण्याऐवजी त्यांनी बिनमहत्त्वाचे, सवयीने येणारे शब्द मोजले. उदाहरणार्थ, ‘वर’ या अर्थी ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन वारंवार वापरत, मॅडिसन क्वचित. एकाच अर्थासाठी एक ‘व्हाइल’ लिहायचा, दुसरा ‘व्हाइल्स्ट’. अशा शब्दांची वारंवारिता काढून बेजच्या सूत्राने संभाव्यता मांडली, तेव्हा बाराही निबंध मॅडिसन यांच्या बाजूला झुकले. मजकुराचे वर्गीकरण शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण आजही दिले जाते. मला तर हे दोघे लेखक आधी भेटले ते इतिहासाच्या नव्हे, अशाच डेटासेटच्या रूपात.

सत्तेच्या काळात काय घडले?

हा भाग तुलनेने परिचित आहे. १७८९ च्या निवडणुकीत जेम्स मन्रो यांना हरवून मॅडिसन प्रतिनिधिगृहात गेले. त्यांनीच मांडलेल्या दुरुस्त्यांतून पुढे दहा दुरुस्त्या १५ डिसेंबर १७९१ रोजी लागू झाल्या. नागरिकांच्या हक्कांची सनद ती हीच. हॅमिल्टन यांच्याशी त्यांचे बिनसले आणि जेफरसन यांच्यासोबत त्यांनी विरोधी पक्ष उभा केला. १७९४ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी डॉली पेन टॉड या २६ वर्षांच्या विधवेशी विवाह केला. डॉली यांचे पहिले पती आणि तान्हे मूल फिलाडेल्फियातल्या पीतज्वराच्या साथीत गेले होते. पेन टॉड हा एक मुलगा उरला होता. या मुलाचे नाव पुढे पुन्हा येईल. मॅडिसन १८०१ पासून आठ वर्षे परराष्ट्रमंत्री आणि १८०९ ते १८१७ अध्यक्ष होते.

२४ ऑगस्ट १८१४ ला ब्रिटिश सैन्याने वॉशिंग्टन शहर जाळले. त्या दिवशी परराष्ट्र खात्याच्या कारकुनांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि राज्यघटनेची मूळ प्रत कापडी पिशव्यांत भरून शहराबाहेर नेली. डॉली यांनी मंत्रिमंडळाचे कागद पेट्यांत कोंबून गाडीभर बाहेर काढले. वॉशिंग्टन यांचे भिंतीवरचे मोठे चित्र त्यांनी वाचवले, ही गोष्ट अमेरिकेतल्या शाळांत सांगितली जाते. त्या घरात तेव्हा पॉल जेनिंग्ज हा पंधरा वर्षांचा गुलाम मुलगा काम करत होता. त्याने पुढे लिहून ठेवले की चित्र उतरवले ते दारावरच्या फ्रेंच नोकराने आणि माळ्याने.

टिपणे का दडवून ठेवली?

एक कारण गुप्ततेचा शब्द. परिषदेतला शेवटचा माणूस हयात असेपर्यंत ती छापू नयेत, असे मॅडिसन यांना वाटे. योगायोग असा की सर्वांत जास्त जगले ते स्वतःच.

दुसरे कारण तत्त्वाचे होते. राज्यघटनेचा अर्थ फिलाडेल्फियातल्या काही जणांच्या मनात शोधायचा नसतो, तो ती मंजूर करणाऱ्या राज्यांच्या परिषदांत शोधायचा, असे ते सांगत. हे तर्काला धरून आहे आणि सोयीचेही होते. कारण तिसरे कारण राजकीय आहे. १७८७ चे मॅडिसन बलवान केंद्राचे कट्टर समर्थक होते. पुढच्या दशकात ते केंद्राच्या अधिकारांना आवर घाला म्हणणाऱ्यांच्या आघाडीला होते. जुनी टिपणे बाहेर आली असती, तर विरोधकांनी त्यांचीच वाक्ये त्यांच्यासमोर धरली असती.

दरम्यान, इतरांकडून तुकडे बाहेर येत राहिले. १८१९ मध्ये सरकारने परिषदेचे अधिकृत, त्रोटक कामकाज छापले. १८२१ मध्ये न्यूयॉर्कचे प्रतिनिधी रॉबर्ट येट्स यांची टिपणे आली. पण येट्स १० जुलैलाच परिषद सोडून गेले होते. मॅडिसन यांना ती टिपणे एकांगी वाटली.

चौथे कारण होते पैसा. १८१७ मध्ये निवृत्त होऊन ते माँटपेलियरला परतले, तेव्हा शेती तोट्यात होती. सावत्र मुलगा पेन टॉड जुगारात बुडाला होता आणि त्याची सुमारे ४० हजार डॉलरची कर्जे मॅडिसन यांनी फेडली, त्यातली निम्मीअधिक डॉली यांना न कळवता. जमिनी विकल्या, १८३४ मध्ये सोळा गुलामांना एका नातेवाइकाला विकले. आपल्यामागे डॉली यांच्या उदरनिर्वाहासाठी बाजारात किंमत येईल असा एकच ऐवज उरला होता, आणि तो म्हणजे ही टिपणे.

म्हातारपणी ते हस्तलिखितांचे बाड समोर घेऊन बसत. संधिवाताने बोटे वाकडी झाली होती. डॉली आणि त्यांचे भाऊ जॉन पेन नकला करत. जुन्या मित्रांकडून आपली पत्रे परत मागवून मॅडिसन त्यांत दुरुस्त्या करत, तारखा बदलत, शब्द खोडत. लाफायेत यांच्यावर टीका असलेला एक मजकूर त्यांनी शाईने मिटवला. आणखी काही पत्रांत तर जेफरसन यांच्या हस्ताक्षराची नक्कल करून मजकूर घातल्याचे अभ्यासकांना आढळले आहे.

ही फसवणूक म्हणायची का? मला तसे सरळ म्हणवत नाही. हयात माणसांची मने दुखावू नयेत, अशीही त्यात भावना दिसते. पण आपण इतिहासाचे साधन हाताळत आहोत, हे त्यांच्याइतके नीट कोणालाच माहीत नव्हते. जुन्या संघराज्यांच्या नोंदी नाहीत म्हणून तळमळलेला तो तरुण हेच गृहस्थ होते.

२८ जून १८३६ ला सकाळी, नाश्ता समोर असताना, मॅडिसन वारले. वय ८५. जेफरसन, जॉन अॅडम्स आणि मन्रो हे तिघेही माजी अध्यक्ष ४ जुलैलाच गेले होते. औषधांनी चार-सहा दिवस आयुष्य लांबवून तो मुहूर्त गाठावा, असे डॉक्टरांनी सुचवले होते. मॅडिसन यांनी ते नाकारले. शेवटच्या क्षणी जवळ असलेल्यांत त्यांची एक पुतणी होती आणि पॉल जेनिंग्ज होते, जे सोळा वर्षे त्यांची एक दिवसाआड दाढी करत आले होते. त्या सकाळचा वृत्तांत आपल्याला जेनिंग्ज यांच्याकडूनच मिळतो.

कागदपत्रांची विक्री कशी झाली?

टिपणांच्या प्रकाशनातून मोठी रक्कम येईल, हे मॅडिसन यांनी इतके गृहीत धरले होते की मृत्युपत्रात त्याच पैशांतून काही संस्थांना देणग्या लिहून ठेवल्या. प्रत्यक्षात खासगी प्रकाशकांशी बोलणी फसली. ती करायला पाठवले होते पेन टॉडला.

मग डॉली यांनी अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना पत्र लिहिले आणि विषय काँग्रेसपुढे गेला. अपेक्षा एक लाख डॉलरची होती. सिनेटमध्ये जॉन कॅल्हून यांनी विरोध केला : अशी खरेदी करण्याचा अधिकार राज्यघटनेने काँग्रेसला दिलेलाच नाही. राज्यघटना कशी झाली हे सांगणारे कागद राज्यघटनेच्याच आधारे नाकारण्याचा हा प्रयत्न टिकला नाही. मार्च १८३७ मध्ये ३० हजार डॉलर मंजूर झाले. हेन्री गिल्पिन यांच्या संपादनाखाली १८४० मध्ये तीन खंड निघाले.

३० हजार डॉलर पुरले नाहीत. देणग्या, जुनी देणी आणि पेन टॉडचे नवे कर्ज यांत ते गेले. १८४४ मध्ये डॉली यांनी माँटपेलियर विकले. गुलामांना त्यांच्या संमतीशिवाय विकू नये, अशी इच्छा मॅडिसन यांनी मृत्युपत्रात लिहिली होती. त्यांना मुक्त करावे, असा आग्रह त्यांचे एकेकाळचे सचिव एडवर्ड कोल्स यांनी धरला होता. कोल्स यांनी स्वतःचे गुलाम १८१९ मध्येच मुक्त केले होते. मॅडिसन यांनी मुक्ती दिली नाही. आणि डॉली यांनी विक्री सुरू केली.

विकले गेलेल्यांत जेनिंग्जही होते. १८४७ मध्ये सिनेटर डॅनियल वेब्स्टर यांनी १२० डॉलर भरून त्यांना सोडवले. ती रक्कम जेनिंग्ज यांनी महिना आठ डॉलर या दराने वेब्स्टर यांच्याकडे चाकरी करून फेडली. डॉली तेव्हा वॉशिंग्टनमध्ये हलाखीत राहत होत्या. वेब्स्टर त्यांच्याकडे जेनिंग्ज यांच्या हाती बाजाराची टोपली पाठवत. जेनिंग्जही अधूनमधून स्वतःच्या खिशातले थोडे पैसे त्यांना देत. हे त्यांनी नोंदवले आहे, आणि त्यात कुठेही कडवटपणा नाही. वाचताना आपल्यालाच तो यायला लागतो.

मे १८४८ मध्ये काँग्रेसने उरलेली कागदपत्रे २५ हजार डॉलरना घेतली. या वेळी सदस्यांनी शहाणपण केले. पाच हजार हाती दिले आणि वीस हजार विश्वस्तांकडे ठेवले, म्हणजे मुलाचा हात तिथे पोहोचणार नाही. डॉली पुढच्याच वर्षी, जुलै १८४९ मध्ये, गेल्या. तरी काही कागद पेन टॉडकडे राहिलेच. त्याच्या मृत्यूनंतर ते मॅकग्वायर नावाच्या वॉशिंग्टनमधल्या संग्राहकाकडे गेले आणि १८९२ मध्ये लिलावात निघून पांगले.

छापून आल्यावर काय झाले?

टिपणे छापून चारच वर्षे झाली होती. गुलामगिरीविरोधी चळवळीतले वक्ते वेंडेल फिलिप्स यांनी १८४४ मध्ये त्यातले उतारे काढून एक पुस्तिका तयार केली. तिचा रोख असा : राज्यघटना ही गुलामगिरीशी केलेला करारच आहे आणि पुरावा म्हणून घटनेच्या जनकाचेच टिपण पाहा. इतकी वर्षे ‘व्यक्ती’ या शब्दाआड जे झाकले होते, ते आता छापील पानांवर होते. उलट बाजूचे लोक २५ ऑगस्टच्या त्याच नोंदीकडे बोट दाखवत आले आहेत : पाहा, माणूस ही मालमत्ता नाही, असे मॅडिसन म्हणाले होते. अमेरिकेतला हा वाद आजही चालू आहे, न्यायालयांत आणि बाहेर.

नवे संशोधन काय सांगते?

१९११ मध्ये मॅक्स फॅरंड यांनी परिषदेच्या सर्व उपलब्ध नोंदी एकत्र करून प्रसिद्ध केल्या, तेव्हाच मॅडिसन यांच्या उत्तरकालीन दुरुस्त्या अभ्यासकांच्या नजरेस आल्या होत्या. बोस्टन कॉलेजच्या प्राध्यापक मेरी सारा बिल्डर यांनी त्यापुढे जाऊन मूळ कागदच तपासले. कागदातला जलचिन्हाचा ठसा, पाने शिवल्याची भोके, शाई, घड्या. त्यांचे ‘मॅडिसन्स हँड’ हे पुस्तक २०१५ मध्ये आले आणि त्याला इतिहासलेखनातला प्रतिष्ठेचा बॅनक्रॉफ्ट पुरस्कार मिळाला.

त्यांचा निष्कर्ष असा. सुरुवातीची टिपणे मुळात इतिहासासाठी नव्हती, स्वतःच्या आणि जेफरसन यांच्या वापरासाठीची विधिमंडळी रोजनिशी होती. ऑगस्टच्या उत्तरार्धात मॅडिसन आजारी होते आणि समित्यांच्या कामात गुंतले होते. त्यांनी सविस्तर नोंदी करणे थांबवले. २२ ऑगस्टच्या सुमारापासून शेवटपर्यंतचा भाग त्यांनी दोनेक वर्षांनी, जुन्या कच्च्या खरड्यांवरून लिहून काढला. काही पाने तर काढून त्या जागी नवी घातली. १८१९ चे अधिकृत कामकाज छापून आल्यावर त्याच्याशी जुळवून आणखी बदल केले.

कोड लिहिणाऱ्यांना कोणती ओळ कधी, कोणी बदलली हे पाहायची सवय असते. इथे ती सोय नाही. एकाच फाइलवर पन्नास वर्षे पुन्हा पुन्हा ‘सेव्ह’ दाबले गेले आहे आणि बदलांचा माग कागदाच्या पोतावरून काढावा लागतो.

आता २५ ऑगस्टची ती नोंद आठवा. ती बिल्डर यांच्या मते उशिरा लिहिलेल्या भागात पडते. म्हणजे माणूस ही मालमत्ता नव्हे, हे मॅडिसन त्या दिवशी सभागृहात याच शब्दांत बोलले होते, की आपण असे बोलायला हवे होते असे त्यांना नंतर वाटले? काही इतिहासकार बिल्डर यांच्याशी सहमत नाहीत आणि मूळ नोंद विश्वसनीय मानतात. परंतु त्या वाक्यावर कायद्याचा युक्तिवाद उभा करणाऱ्यांना हा प्रश्न आता टाळता येत नाही.

भारताच्या घटना समितीशी तुलना का होते?

आपल्याकडे हा प्रश्न या स्वरूपात उद्भवतच नाही. ९ डिसेंबर १९४६ पासून भरलेल्या संविधान सभेचे कामकाज उघड चालले. पत्रकार आणि प्रेक्षक सभागृहात बसत, भाषणे शब्दशः नोंदली जात आणि अधिकृत खंडांत छापली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना अमेरिकेच्या संघराज्य पद्धतीची भारताच्या मसुद्याशी सविस्तर तुलना केली. ते भाषण संपूर्ण उपलब्ध आहे. एखाद्या कलमाचा अर्थ लावताना आपली न्यायालये त्या खंडांचा आधार घेतात, तेव्हा तो एका सदस्याने रात्री मुक्कामी बसून लिहिलेला मजकूर नसतो. अर्थात, समित्यांतल्या आणि खासगी बैठकांतल्या सगळ्या बोलण्याची नोंद आपल्याकडेही नाही.

ही कागदपत्रे आज कुठे आहेत?

सरकारने घेतलेला साठा आधी परराष्ट्र खात्याकडे होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आला. तिथल्या मॅडिसन संग्रहात सुमारे १२ हजार कागद आहेत आणि ग्रंथालयाचा हस्तलिखित विभाग ज्या इमारतीत आहे, तिला मॅडिसन यांचेच नाव आहे. या संग्रहाच्या प्रतिमा ऑनलाइन पाहता येतात. त्यांच्या पत्रव्यवहाराची शास्त्रशुद्ध आवृत्ती काढण्याचा प्रकल्प १९५६ मध्ये सुरू झाला, तो अजून चालू आहे. २०१३ पासून ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या संकेतस्थळावर मॅडिसन, वॉशिंग्टन, जेफरसन, हॅमिल्टन, फ्रँकलिन आणि अॅडम्स यांची पत्रे विनामूल्य शोधता येतात. जॉन जे यांची नंतर जोडली गेली. फोनवरही ते नीट उघडते. एखादे पत्र उघडले तर खालच्या तळटिपा जरूर पाहा. कोणता शब्द मूळचा आणि कोणता म्हाताऱ्या मॅडिसन यांनी नंतर घातलेला, हे अनेकदा तिथे दिलेले असते.

पॉल जेनिंग्ज यांच्या आठवणींचे छोटेखानी पुस्तक १८६५ मध्ये, गुलामगिरी संपली त्याच वर्षी, छापले गेले. व्हाइट हाउसमध्ये राहून काम केलेल्या माणसाने लिहिलेले ते पहिले पुस्तक मानले जाते. तेही इंटरनेटवर फुकट मिळते, आणि एका बैठकीत वाचून होते.